अकरा दिवस उपाशी अजगर आणि एका रात्रीत गेलेलं खारीचं पिल्लू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फेब्रुवारीअखेर कूलर साफ करायला घेतला, वाळ्याच्या ताटीमागे खारीचं घरटं निघालं आणि त्यातलं एक पिल्लू खाली पडलं. डोळे मिटलेले, पाठीवरचे पट्टे नुकते उमटलेले. रात्री नऊला तुम्ही ड्रॉपरने त्याला गाईचं दूध पाजलं, कापसात गुंडाळून डब्यात ठेवलं, आणि सकाळी ते गार पडलेलं होतं. त्याच आठवड्यात मागच्या ले-आउटमध्ये कुंपणाच्या जाळीत नऊ फुटी अजगर अडकला. त्याला उपचाराला नेलं, ११ दिवसांनी सोडलं, आणि तेव्हा तुम्हाला कळलं की इतक्या दिवसांत त्याला एक घाससुद्धा दिला नव्हता. तुम्ही विचारता : मी पाजलं तरी ते गेलं, त्यांनी उपाशी ठेवला तरी तो जगला, हे कसं? आणि अकरा दिवस उपाशी ठेवणं ही क्रूरता नाही का?

क्रूरता नाही. मी त्या जागी असतो तर मीही त्याला काही दिलं नसतं. बावीस वर्षं नागपुरात जनावरांची डॉक्टरकी करतोय. पोट गाई-कुत्र्यांवर चालतं, पण खारी, वटवाघळं, घोरपडी, साप असे पाहुणे बारा महिने येतात. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. सस्तन प्राण्याच्या छोट्या पिल्लाला माणसं 'सकाळी बघू' म्हणून ठेवतात आणि अजगर दिसला की कोंबडी आणायला धावतात. दोन्हीकडे नेमकं उलट व्हायला हवं.

आधी हिशेब सांगतो, कारण तो ऐकल्यावर बाकीचं पटायला सोपं जातं. १९३२ साली मॅक्स क्लायबर नावाच्या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या आकाराच्या प्राण्यांचा नुसतं स्वस्थ बसून जगण्याचा खर्च मांडला. वजन दुप्पट झालं म्हणून खर्च दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढतो, असं त्यातून दिसलं. आम्ही डॉक्टर मंडळी ते साध्या कॅल्क्युलेटरवर करतो. किलोतल्या वजनाचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि येईल त्याचा घन करायचा. मग सस्तन प्राणी असेल तर त्याला ७० ने गुणायचं आणि सरपटणारा असेल तर १० ने. उत्तर येतं ते दिवसाच्या किलोकॅलरींत.

नऊ फुटी अजगर १६ किलोचा धरू. १६ चं वर्गमूळ ४, त्याचं २, दोनाचा घन ८. गुणिले १०, म्हणजे दिवसाला ८० किलोकॅलरी. हा एका फुलक्याचा ऐवज झाला. तुमच्या घरातलं चार वर्षांचं मूलही साधारण १६ किलोचंच असतं. त्याचा आकडा ८ गुणिले ७०, म्हणजे ५६०. नुसतं पडून राहायला त्याला सात फुलके लागतात, आणि चार वर्षांचं मूल पडून राहिल्याचं तुम्ही कधी पाहिलंय का! वजन तेच, पण एकाला एक फुलका पुरतो आणि दुसऱ्याला सात.

आता मोठी खार, १०० ग्रॅमची. तिचं उत्तर येतं साडेबारा किलोकॅलरी. आकडा लहान वाटतो, पण तो १०० ग्रॅमच्या जिवाचा आहे. किलोमागे काढला तर खारीला सुमारे १२५ लागतात आणि अजगराला ५. म्हणजे वजनाच्या मानाने बघितलं तर खार अजगराच्या पंचवीसपट वेगाने जळते. तुमचं पिल्लू २० ग्रॅमच्या आसपास असणार. त्याचा किलोमागचा आकडा आणखी वर जातो, सुमारे १८५. शिवाय ते वाढीचं वय, त्यामुळे प्रत्यक्षातली गरज याच्या दोन-तीन पट. आणि साठा किती? जवळजवळ नाहीच. पोटात मावतं मिलिलिटरभर दूध. अंगावर चरबी नाही, केस पुरते आलेले नाहीत.

ही आग कशासाठी? मुख्यतः अंग गरम ठेवण्यासाठी. वरण गंजात तासभर गरम राहतं, तेच वाटीत वाढलं की पहिला घास घेईपर्यंत कोमट होतं. वाटीला वरणाच्या मानाने उघडी बाजू जास्त. खार म्हणजे ही वाटी. तिला ३७-३८ अंशांवर राहायचं तर सतत इंधन टाकत राहावं लागतं. म्हणून ती दिवसभर काही ना काही कुरतडताना दिसते. ती हावरट नाही, तिला थांबणं परवडत नाही. अजगराने ही भानगडच ठेवलेली नाही. तो आतून शेगडी पेटवत नाही. ऊब उन्हातून, खडकातून, वारुळातून उसनी घेतो. ऊन नसलं की गार होतो, आणि गार झाला की त्याचा खर्च आणखी उतरतो. दहा अंश तापमान घसरलं की सरपटणाऱ्या प्राण्याचा खर्च निम्म्याहून कमी होतो. खारीचं उलट आहे. बाहेर गारठा वाढला की तिचा खर्च वाढतो. फेब्रुवारीतली तीच गार रात्र अजगराला स्वस्तात पडते आणि खारीच्या पिल्लाला महागात.

आता तुमच्या पिल्लाचं काय झालं असावं ते सांगतो. वाईट वाटून घेऊ नका, दहातली नऊ माणसं हेच करतात.

कापसात गुंडाळणं म्हणजे ऊब देणं नव्हे. कापूस असलेली ऊब धरून ठेवतो, नवी तयार करत नाही. स्वेटर घातलेल्या खुर्चीला घाम येत नाही, तसं. आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या घोळक्यात पिल्लाला बाहेरून ऊब मिळत असते, ती तुटली. पिल्लू गार पडलं की त्याचं आतडं थांबतं. थांबलेल्या पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच नासतं. शिवाय ड्रॉपरचा एक थेंब त्याच्या तोंडाच्या मानाने मोठा, तो घशातून फुप्फुसात उतरायला वेळ लागत नाही. नाकपुडीवर दुधाचा बुडबुडा आला होता का, आठवून बघा. आणि गाईचं दूध म्हणाल तर खारीच्या दुधापुढे ते पातळ, चरबीला कमी, साखरेला जास्त. त्याने हगवण लागते. या तिन्हींपैकी नेमकं कोणतं कारण, ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण माझा संशय आधी गारठ्यावर जातो. नऊ ते सहा, नऊ तास तो जीव एकटाच शेगडी पेटवत बसला होता.

पुन्हा असा प्रसंग आला तर क्रम लक्षात ठेवा : ऊब, पाणी, मग दूध. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती कापडात गुंडाळायची आणि डब्याच्या अर्ध्या भागाला लावून ठेवायची. अर्ध्याच भागाला, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू सरकू शकेल. ते हाताला कोमट लागेपर्यंत तोंडात काहीही घालायचं नाही. मग ओआरएसचं कोमट पाणी, एक मिलीच्या सिरिंजने, सुई काढून, थेंब थेंब. पिल्लू पोटावर, मान सरळ. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजू नये. हे अंगी लागलं की कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर. एका वेळी वजनाच्या पाच टक्के, म्हणजे २० ग्रॅमला एक मिली, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी पाजून झालं की ओल्या कापसाने शेपटीखाली हळूच पुसायचं. त्याशिवाय एवढ्या पिल्लाला लघवी होत नाही, ते काम आई चाटून करते. पण हे सगळं आई परत येणारच नसेल तर. ती बहुतेक वेळा येते. त्याबद्दल शेवटी.

आता अजगर. जाळीत अडकलेला म्हणजे खवल्यांखाली कापलेलं असणार, त्यावर माणसांची गर्दी, पोत्यात घालून प्रवास. अशा अजगराला पाणी, ऊब, अंधार आणि एकांत हवा असतो. त्याने आधी दोन किलोचा ससा गिळलेला असेल तर पचवण्याचा खर्च वजा जाता तीन-चार आठवड्यांची बेगमी त्याच्या पोटातच आहे. पकडताना बरेचदा हा ससा ओकूनही टाकतो. लोकांना ते किळसवाणं वाटतं, पण भरल्या पोटी पळता येत नाही म्हणून तो ओझं टाकतो. एकदा ओकलेल्या अजगराला पुढचे दोन आठवडे तरी खायला देऊ नये, अन्ननलिका आम्लाने भाजलेली असते. आणि गार अजगराच्या पोटात कोंबडी गेली तर पचनाच्या आधी सडण्याची सुरुवात होते.

गिळणं हे अजगरासाठी जेवण कमी आणि लग्नकार्य जास्त. एरवी घर बंद, आणि तो दिवस आला की सगळी यंत्रणा एकदम जागी होते. आपल्या अजगराचा सख्खा नातेवाईक, ब्रह्मदेशी अजगर, त्याच्यावर प्रयोगशाळेत बरंच काम झालंय. मोठं भक्ष्य गिळल्यावर त्याचा प्राणवायूचा खर्च एरवीच्या चाळीसपटीपर्यंत चढतो आणि दोन दिवसांत हृदय ४० टक्क्यांनी मोठं होतं. आतडं वाढतं, काम झालं की पुन्हा आक्रसतं. ज्याला महिन्यातून एकदाच जेवायचंय त्याने रोजची चूल का पेटती ठेवावी? खारीला ही चैन नाही. तिचं आतडं, यकृत, काळीज सगळं रोज कामावर.

यावरून एक जुनी गोष्ट सांगतो, कारण या दोन जातींमधला फरक मला पुस्तकापेक्षा तिथे जास्त कळला. काटोल रस्त्याकडच्या एका गावात डिसेंबरात शेतात अजगर सापडला. रात्र झाली होती, म्हणून पोरांनी तो पत्र्याच्या रिकाम्या ड्रममध्ये ठेवला आणि वर फळी टाकली. चांगल्या मनाची पोरं. याला भूक लागली असेल म्हणून त्यांनी एक जिवंत घूस पकडून ड्रममध्ये सोडली आणि झोपायला गेली. सकाळी फळी काढली तर घूस टुणटुणीत. अजगराच्या पाठीवर पाच ठिकाणी मांस कुरतडलेलं, एका जागी दोन बरगड्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. ज्याने त्याला माझ्याकडे आणलं तो सारखा म्हणत होता, "डॉक्टर साहेब, एवढा मोठा अजगर, अन् उंदरानं खाल्ला जी?"

उंदरानं खाल्ला, हो. त्या रात्री थंडी दहा अंशांच्या आसपास. पत्र्याच्या ड्रममध्ये अजगर गारठून लाकडासारखा पडलेला. त्याला त्या रात्री भूकच नव्हती, आणि असती तरी वळसा घालण्याइतकी ऊब स्नायूंत नव्हती. घुशीला मात्र त्याच रात्री खायला हवं होतं. सकाळपर्यंत थांबायची तिची ऐपत नव्हती. ड्रममध्ये दुसरं काही नव्हतं, समोर मांस होतं, दात तयार होते. इवलासा सस्तन आणि धिप्पाड सरपटणारा एका डब्यात घातले की मोठा छोट्याला खाईल असं आपण गृहीत धरतो. पण डब्यात घाई कोणाला आहे ते बघायला हवं. तेव्हापासून पाळलेल्या वा पकडलेल्या कोणत्याही सापासमोर जिवंत उंदीर टाकलेला मला दिसला तर मी रागावतो.

त्या अजगरावर मी जवळपास तीन महिने काम केलं. कुत्र्याची जखम शिवली तर दहा-बारा दिवसांत टाके काढतो. त्याचे टाके मी सहा आठवड्यांनी काढले, आणि दोनदा कात टाकून झाल्यावर कुठे चट्टे बुजायला लागले. औषधाचंही तसंच. सेफ्टाझिडिम नावाचं प्रतिजैविक सस्तन प्राण्याला दिवसातून दोन-तीनदा टोचावं लागतं, सापाला ७२ तासांतून एकदा पुरतं. शरीर ते बाहेर टाकायलाच तेवढा वेळ घेतं. माझ्याकडचा मदतनीस नवा होता. तो पहिल्या आठवड्यात रोज विचारायचा, "याले काही खायले द्या ना जी, मरून जाईन हा." त्या रुग्णाने पहिली कोंबडी घेतली एकविसाव्या दिवशी, हीटरखाली ठेवून अंग नीट तापल्यावर. मदतनीस दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला.

तर अजगर उपासाने सहसा मरत नाही, पण उन्हाने मरतो, आणि नागपुरात हे सांगणं जास्त गरजेचं. आतली शेगडी नाही तसा आतला कूलरही नाही. मेच्या दुपारी ४५ अंशांत तापलेल्या डिकीत, बांधलेल्या पोत्यात, अजगर तासाभरातही संपतो. अंबाझरी-गोरेवाड्याकडच्या झुडपांत राहणारा अजगर त्या वेळी बिळात किंवा पाण्यात असतो, उन्हात पोत्यात नसतो. खार बघा, दुपारी सावलीतल्या गार फरशीवर चारी पाय पसरून पोट टेकवून पडते. लोक मला फोटो पाठवतात की 'खार मरायला टेकली का'. नाही, ती पोटातून उष्णता फरशीला देतेय. पाच मिनिटांनी उठून पळेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, म्हणजे वरचं वाचून 'सरपटणारे गार आणि सस्तन गरम' एवढंच डोक्यात बसायला नको. अजगराची मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी अंडी घालते, त्यांच्याभोवती वेटोळं घालून दोनेक महिने बसते आणि बहुधा काही खात नाही. तापमान उतरलं की ती स्नायूंना झटके देऊन कुडकुडते, आणि त्यातून खरोखर ऊब तयार करते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात अशा मादीचा प्राणवायू मोजला गेला, त्याचा लेख १९६६ साली आला. ३३ अंशांखाली जसजसं तापमान जाईल तसतसे झटके वाढत गेले. म्हणजे शेगडी पेटवण्याची विद्या अजगराकडे आहे. तो ती स्वतःसाठी वापरत नाही, अंड्यांसाठी वापरतो, आणि तेवढ्यात वाळून अर्धा होतो. मी स्वतः अशी मादी एकदाच पाहिली, एका पडक्या विहिरीच्या कपारीत. दर थोड्या वेळाने अंगावरून उचकीसारखी एक लाट जायची. आम्ही हात न लावता परत आलो.

व्यवहारापुरतं : अजगर बिनविषारी असला तरी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, स्वतः पकडू-हलवू नका. वन खात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, त्यावर कळवा. कोणी येईपर्यंत दुरून नजर ठेवा, गर्दी पांगवा, ऊन असेल तर सावली करा, त्याच्यावर पाणी फेकत बसू नका. एखाद-दोन तास उशीर झाला तरी तो थांबू शकतो. खारीच्या पिल्लासाठी मात्र तासावर चालणारं घड्याळ लावा.

राहता राहिला तुमचा कूलर. मादी अजून येते-जाते आणि ताटीमागून चिवचिव ऐकू येते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आत भावंडं आहेत. पंप लावू नका, ताट्या भिजल्या की घरटं संपलं. सकाळी ऊन वर आल्यावर, ती बाहेर गेलेली असताना, घरटं कापूस-सुतळीसकट जसंच्या तसं उचलून बुटांच्या खोक्यात ठेवा. खोकं त्याच खिडकीच्या गजाला बांधा, झाकण अर्धं उघडं, आणि तुम्ही आत जाऊन पडदा ओढून घ्या. हाताचा वास लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही. ती येईल, मानेला नाही तर पोटाला धरून एकेक पिल्लू उचलेल आणि दुसरीकडे नेईल. बहुधा संध्याकाळच्या आत. अंधार पडेपर्यंत खोकं रिकामं झालं नाही तर बाटलीत गरम पाणी भरा आणि मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.